खांदा किती बरा झाला?



माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या, उजव्या खांद्यातली कंडरा फाटली होती. दुर्बिणीतून ती शिवली. सहा महिन्यांनी मी तिला तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी हात वर करायला लावून कोन मोजला आणि खूश होऊन म्हणाले, "मावशी, एकशेचाळीस अंश! आधी नव्वद होते. ऑपरेशन फत्ते!" बाहेर रिक्षात बसल्यावर आपा हळूच म्हणाली, "अरे, पण माझी वेणी अजून सूनच घालते की."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते आणि आपाही नाही. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. हात वर जात होता, पण मानेमागे वळत नव्हता.

मी कवी माणूस, वैद्यकातलं मला काय कळणार? तरी कुतूहल म्हणून वाचलं. 1987 साली खांद्यासाठी शंभर गुणांची एक मोजणी आली. कॉन्स्टंट गुणांक म्हणतात तिला. त्यात वेदनेला 15 आणि रोजच्या कामांना 20 गुण. उरलेले 65 हाताची हालचाल आणि ताकद यांना. म्हणजे रुग्णाच्या शब्दाला शंभरातले पस्तीसच. 1996 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बारा प्रश्न तयार केले. ते सगळे रुग्णालाच विचारायचे. केस विंचरता येतात का? कपडे घालता येतात का? रात्री दुखतं का? त्याचे आता 48 पैकी गुण देतात.

पण गुण किती वाढले म्हणजे माणसाला खरंच बरं वाटतं? 1989 साली कॅनडातल्या येश्के, सिंगर आणि गायट यांनी नेमका हाच प्रश्न धरला. रुग्णाला जाणवेल आणि मोलाचा वाटेल, असा कमीत कमी फरक किती, हे त्यांनी शोधायला घेतलं. रीत साधी आहे. रुग्णालाच विचारायचं, पूर्वीपेक्षा बरं आहे का? 'थोडं बरं आहे' म्हणणाऱ्यांचे गुण सरासरी किती वाढले, ते पाहायचं. फरक त्याहून कमी असेल, तर तो कागदावरच राहिला असं समजायचं.

हा हिशोब कुठे उपयोगी पडतो, ते पाहा. खांद्यातल्या हाडाखालची जागा मोकळी करण्याची एक शस्त्रक्रिया आहे. ब्रिटनमधल्या 32 रुग्णालयांत तिची परीक्षा झाली आणि निष्कर्ष 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. काहींवर ती शस्त्रक्रिया केली, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, काहींवर काहीच उपचार केले नाहीत. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण उपचार न झालेल्यांच्या पुढे होते, पण फक्त 2.8 गुणांनी. मोलाचा फरक 4.5 गुणांचा, असं आधीच ठरलं होतं. नुसती दुर्बीण घातलेल्यांपेक्षा तर ते पुढे नव्हतेच. ही आपाची शस्त्रक्रिया नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण कसोटी आधी ठरवली नसती, तर त्या 2.8 गुणांचाही कुणी गवगवा केला असता.

अर्थात ही सरासरी आहे. एकट्या माणसाचं मोल त्याचं त्यालाच ठाऊक. त्या बारा प्रश्नांत काटा-सुरीने जेवता येतं का, असाही एक प्रश्न आहे. आपाने आयुष्यात काटा-सुरी धरलेली नाही. म्हणून तिला मी विचारलं, "तुला काय परत हवंय?" तिने चार गोष्टी सांगितल्या. स्वतःची वेणी, फळीवरचा पिठाचा डबा, उजव्या कुशीवर झोप आणि सजद्यातून हात टेकून उठणं.

पुढच्या खेपेला तो कागद आम्ही डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि व्यायाम बदलून दिले. दहाव्या महिन्यात आपाने आपली वेणी घातली. जरा वाकडी होती. डबा मात्र अजून खालच्याच फळीवर आहे.

श्रोतेहो, घरात कुणाचा खांदा उघडायची वेळ आली, तर आधी असा एक कागद लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. यातलं काय परत मिळेल, ते त्यांना विचारा. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढा. कोन त्यांना मोजू द्या. वेणी आपण मोजू.