फुरसं आणि घडीची विळी

आम्ही पूर्णगडच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे, किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं गाव. वर कातळाचा सडा, आंबा-काजूच्या बागा, आणि दगडांच्या आडोशाला फुरसं.

गेल्या वर्षी पातेरा गोळा करताना आमच्यातल्या एकीला ते चावलं. हातभर साप, थोडीशी सूज. "एवढंच ना!" म्हणत ती घरी निघाली होती. आम्ही ऐकलं नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे तिचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. मग नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं!

असं का, ते डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या अंगात प्रथिनं कापणाऱ्या विळ्या असतात, त्यांना प्रोटीएज म्हणतात. अन्न त्यांच्यामुळे पचतं, जखमेचं रक्तही त्यांच्यामुळेच थांबतं. रक्त गोठवणारी विळी म्हणजे थ्रोम्बिन. एरवी ती घडी घातलेली असते. जखम झाली की उघडते, आणि अँटिथ्रोम्बिन नावाचं प्रथिन तिला आवरतं.

फुरशाच्या विषातही एक विळी आहे, इकॅरिन. ती आपली घडीची विळी भलत्या वेळी उघडत सुटते. आपल्या अंगातला आवर तिला पुरा पडत नाही. रक्त गोठवायचा माल उगाच खर्च होतो. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो.

या विषाला धरून ठेवतं ते सर्पविषावरचं इंजेक्शन. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तापासून ते बनवतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी जुनं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ते एकच चालतं. म्हणून साप मारून न्यायची गरज नाही.

आमच्या मैत्रिणीला ते वेळेत मिळालं. सहा तासांनी पुन्हा रक्त तपासलं. आज ती आमच्यासोबत इथेच बसली आहे.

तेव्हा लक्षात ठेवा. चावलेली जागा कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय हलवू नका, मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. दुखत नसलं तरी १०८ ला फोन करा. मंत्र घालण्यात वेळ गेला, तर तेवढ्यात अंगातला माल संपतो.

आणि पातेरा ओढताना हातात काठी असू द्या.