जत्रा उठल्यावरचे गाव

(मसुरे येथील कार्यकर्ता वर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मसुऱ्यात लाखो भाविक येतात. त्या दिवशीचे गाव पाहून कोणी कोकणातील ग्रामजीवनाविषयी मत बनवील, तर त्याची फसगत होईल. गावाची प्रकृती जत्रा उठल्यावर पाहायची असते. प्रश्न एवढाच की, ती कोणत्या मापाने पाहायची?

शासनाकडे मापे पुष्कळ आहेत. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे काढून ‘अनुशेष’ ठरविला. काम मोलाचे होते. पण त्यात मोजल्या गेल्या त्या सोयी. सोयी वापरणारा माणूस गावात उरला आहे की नाही, हे तसल्या तक्त्यात दिसत नाही. सिंधुदुर्ग तर तक्त्यांत शोभूनच दिसतो. २०११ साली साक्षरता ८५ टक्क्यांवर. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत देशात पहिला क्रमांक. आणि २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली असता याच जिल्ह्याची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. त्याच कोकण विभागात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला, रत्नागिरी जवळजवळ ५ टक्क्यांनी आटला. विभागाची सरासरी घेऊन धोरण आखणाऱ्याला यातले काय कळणार?

या घटीच्या पोटात आणखी एक आकडा दडला आहे. त्या दहा वर्षांत जिल्ह्यात पुरुष कमी झाले ५५८, आणि स्त्रिया १८,६१६! चाकरमानी मुंबईला आणि घर, शेत, देव सांभाळणारी बाई गावाला, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची घडी. ती उसवू लागल्याचे हे चिन्ह मी मानतो. मनीऑर्डरीवर गाव जगत होते, कारण ती घ्यायला दारात कोणीतरी होते.

दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडताना राष्ट्राच्या ‘विराट’ शक्तीला शरीरातील प्राणाची उपमा दिली. प्राण किलोमीटरांत मोजता येत नाही, पण नाडी पाहता येते. जपानमधील अभ्यासकांनी निम्म्याहून अधिक रहिवासी पासष्टीपुढचे असलेल्या वस्तीला अस्तित्वाच्या सीमेवरची वस्ती ठरविले. कसोटी एकच, पण नेमकी. ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. मेळघाटात मुले आहेत, त्यांच्या पोषणाची चिंता आहे. आपल्याकडे शाळा आहे, मुलांची वाण आहे. दोन्ही ठिकाणी एकच गज लावणे हा अन्यायच होय.

तो अन्याय पैशातही उतरतो. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाची राज्याराज्यांत वाटणी करताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. हाच न्याय खाली गावापर्यंत लावला, तर माणसे घटली की निधी घटणार. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांची नळयोजना आणि पाखाडी मात्र माणसे गेली म्हणून आखूड होत नाहीत.

तेव्हा आपण वाडीनिहाय नोंद करावी. वर्षभर चूल पेटणारी घरे किती, विशी ते चाळिशीतील स्त्री-पुरुष किती, पहिलीच्या वर्गात मुले किती, पड जमीन किती आणि त्यातली सामायिक सातबाऱ्यामुळे अडलेली किती. देवळातल्या मानाच्या कामाला किती घरांतून माणूस स्वतः उभा राहतो, हेही लिहावे. सरकारी नमुन्यात तो रकाना सापडणार नाही. जमीन अडली असेल तिथे वाटपाचे काम आधी हाती घ्यावे लागेल, तरुण नसतील तिथे रोजगाराचे. सगळीकडे सभामंडप बांधून भागणार नाही.

मोजणी गणपतीत मात्र करू नका. तेव्हा सगळीच दारे उघडी असतात. कार्तिकात, कापणी आटोपल्यावर फिरा.