चिकटू नये म्हणून लावायची पट्टी

मी कोड लिहिणारा माणूस, पण आजचा विषय थेट गच्चीवरचा आहे. मोठ्या सोसायटीत दोन विंगच्या मधे वरपासून खालपर्यंत एक फट सोडलेली असते, बघितलीय ना? तो एक्स्पान्शन जॉइंट. काँक्रीट उन्हात प्रसरण पावतं, गार झालं की आकसतं. ३० मीटर लांबी आणि तापमानात २० अंशांचा फरक धरला, तर हालचाल होते साधारण ६ मिलिमीटर. म्हणून तर आपला आयएस ४५६ हा कोड सांगतो, की ४५ मीटरपेक्षा लांब बांधकामाला सहसा असा जॉइंट द्यावा.

पाणी आत जाऊ नये म्हणून या फटीत सीलंट भरतात. एक-दोन पावसाळे जातात आणि पुन्हा गळती! मग मीटिंगमधे सगळे म्हणतात, "माल हलका होता, नीट चिकटला नाही." पण बऱ्याचदा होतं उलटंच. तो नको तिथेही चिकटलेला असतो.

एक रबरबँड घ्या. दोन टोकं धरून ओढा, मस्त ताणतो. आता तोच अख्खा टेबलाला चिकटवा आणि ओढा. ताणायला जागाच नाही, तो फाटणार. सीलंटचंही तसंच आहे. डावी भिंत आणि उजवी भिंत, एवढंच त्याने धरायचं. तळालाही चिकटला, की फट रुंदावताना खालचा भाग हलत नाही, सगळा ताण कोपऱ्यात येतो आणि तिथून तो फाटतो.

उपाय अगदी साधा आहे. फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची, तिला बॅकर रॉड म्हणतात. ती फटीपेक्षा साधारण पाव पट जाड घ्यायची. म्हणजे २० मिलिमीटरच्या फटीला २५ची. तिच्यावर सीलंटचा थर रुंदीच्या निम्मा, १० मिलिमीटर. फट उथळ असेल आणि रॉड मावत नसेल, तर तळाला पॉलिथीनची पट्टी लावायची. हीच बाँड ब्रेकर टेप. ती बाजूंवर चढू द्यायची नाही, आणि तिच्याऐवजी कागदी मास्किंग टेप चालवून घ्यायची नाही, कारण सीलंट कागदालाही धरून बसतो.

हीच युक्ती रस्त्यावरही दिसते. सिमेंटचा रस्ता करताना खालच्या थरावर प्लास्टिक अंथरतात ना, ते १२५ मायक्रॉनचं असतं. वरचा स्लॅब खालच्या थराला चिकटू नये आणि मोकळेपणाने सरकावा, नाहीतर त्याला तडे जातात. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लूज कपलिंग म्हणतो: जोडायचं, पण जखडायचं नाही.

तुमच्या सोसायटीत यंदा मे महिन्यात हे काम निघालं, तर सीलंटचा ब्रँड विचाराच. पण त्याआधी कॉन्ट्रॅक्टरला विचारा, "दादा, सीलंटच्या खाली काय टाकणार?" उत्तर "रॉड" किंवा "टेप" असेल, तर पुढे बोला. "काही नाही, डायरेक्ट भरतो" असं आलं, तर थांबा. भरल्यानंतर तळ कुणालाच दिसत नाही, म्हणून भरण्याआधीचे फोटो मागा आणि ही अट कोटेशनमधे लिहून घ्या. वर्गणी सगळ्यांच्या खिशातून जाते आणि पाणी टपकतं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात.

हा भाग सोसायटीच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!