मधुमेहींनो, रक्तदाबाकडेही लक्ष असू द्या



मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर व कापडाचा व्यापारी आहे. तथापि मधुमेहाशी सोळा वर्षांचा परिचय असल्याने बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत आमचे दुकान लागत असे. तेथे एका वर्षी आरोग्य तपासणीच्या टेबलावर सहज रक्तदाब मोजविला, तो १७०/१०० निघाला. माझा विश्वास बसेना. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. साखर मी नियमाने तपासून वहीत टिपीत होतो. त्या वहीत रक्तदाबाचा रकानाच नव्हता. गोळी सुरू झाली, दीड महिन्यात आकडे उतरले आणि खाते चुकते झाले असे समजून मी ती आपल्या मनाने बंद केली. दोन वर्षांनी लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले. मूत्रपिंडाची ती हानी आता पुरती भरून येणारी नाही.

टाइप दोनच्या मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक जणांना उच्च रक्तदाबही असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते, त्यामुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. शिवाय रक्तवाहिन्या ताठर होतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या साखरेने आधीच दुर्बल झालेल्या असतात, त्यांवर हा दाब येतो. डोळ्यांच्या पडद्याचेही तेच. म्हणून वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

ब्रिटनमधील एका प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब असलेल्या ११४८ मधुमेहींपैकी एका गटाचा सरासरी रक्तदाब १४४/८२, तर दुसऱ्याचा १५४/८७ राहिला. वरच्या आकड्यात अवघा दहाचा फरक. परंतु पहिल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहजन्य मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. आज बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या खाली हे उद्दिष्ट मानले जाते.

सडपातळ मंडळींनीही निर्धास्त राहू नये. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे.

२०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा होता; १९९९ पर्यंत आपला गोंदियाही त्याच जिल्ह्यात होता. ठरावीक औषधे, जवळच्या आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या, आणि तारीख चुकविणाऱ्याचा पाठपुरावा, अशी त्याची साधी रीत. माझ्यासारख्या गोळी सोडणाऱ्यास तिसऱ्या गोष्टीचीच गरज होती!

मिठाचे म्हणाल तर दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरी भाजीचे मीठ मोजले जाते. पापड, लोणचे, शेव-फरसाण यांतील कोण मोजतो? पर्युषणातील उपवासाआधी गोळ्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. उपाशीपोटी साखर एकाएकी उतरू शकते. सूर्यास्तापूर्वी गोळी घ्यावयाची असल्यास वेळ बदलून मिळते, मी विचारले आहे.

शेवटी व्यवसायाला अनुसरून एक सूचना. पट्टा बाहीवरून बांधू नये, दंड उघडा ठेवावा. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह साखरेच्याच वहीत लिहावेत.