बालपणीचा कर्करोग बरा झाल्यानंतर

बालपणीचा कर्करोग बरा झाला, तरी उपचारांचे काही परिणाम अनेक वर्षांनी दिसू लागतात. कोणते औषध दिले, किती मात्रेत आणि कोणत्या वयात, यावर ते अवलंबून असतात. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात. सिसप्लॅटिनमुळे कमी ऐकू येऊ शकते, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सायक्लोफॉस्फामाइडची मात्रा जास्त झाल्यास पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. डोक्याला किरणोपचार झाले असतील तर उंची खुंटू शकते, मूल अभ्यासात मागे पडू शकते. मानेला झाले असतील तर थायरॉइड मंदावू शकते. क्वचित दुसरा कर्करोगही उद्भवतो.

अशा मुलांच्या पाठपुराव्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्ट क्लिनिक’ सुरू झाले. बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९ पासून काम करतो.

हिंगोली, वसमत किंवा सेनगावहून मुंबई गाठायची म्हणजे रात्रभराचा प्रवास. म्हणूनच उपचारांचा सारांश असलेला कागद जपून ठेवणे महत्त्वाचे. त्यात आजाराचे नाव, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरणोपचारांची जागा आणि तारखा असाव्यात. तो पाहून जवळचे डॉक्टरही वजन-उंची, रक्तदाब, थायरॉइड तपासू शकतात आणि हृदयाचा टूडी इको कधी करायचा ते सांगू शकतात. हृदयावर परिणाम करणारे औषध घेतलेल्या मुलीने पुढे गरोदरपणात हा कागद प्रसूतितज्ज्ञांना अवश्य दाखवावा. तंबाखू कटाक्षाने टाळावी. वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी.