समोरच्या यंत्राला अनुस्वार दिसतो का?

लिपी आणि तंत्रज्ञान म्हटले की आपण फॉन्ट आणि कळफलकापाशी थांबतो. मी आज फॅक्सबद्दल बोलणार आहे. महाराष्ट्राबाहेर राहून पुण्या-मुंबईच्या संपादकांना घाईने मजकूर पाठवणाऱ्यांना एके काळी त्याचा मोठा आधार होता. फॅक्स अक्षर पाठवत नाही, पानाचे चित्र पाठवतो. त्यामुळे दोन्हीकडे एकच फॉन्ट असण्याची गरज नव्हती.

चित्र किती बारीक, हा प्रश्न मात्र होता. १९८०च्या मानकाप्रमाणे साध्या प्रतीत उभ्या मिलिमीटरला ३.८५ ओळी आणि बारीक प्रतीत ७.७. साध्या प्रतीत हाताने दिलेला अनुस्वार निसटतो, नाहीतर शिरोरेषेला चिकटतो. मग ‘गावांत’ आणि ‘गावात’ यांतला फरक गेलाच!

तारेवर निदान दोन्ही यंत्रे एकाच वेळी जागी असत. फोन उचलणारे यंत्र आधी आपली कुवत सांगे: कागदाची रुंदी, बारीकपणा, वेग. पाठवणारे त्यातून दोघांना झेपेल ते निवडून कळवी, वेगाची चाचणी घेई, आणि मगच पान सरके. ती कर्कश किरकिर म्हणजे ही बोलणी.

ईमेलने जाणाऱ्या फॅक्समध्ये हा संवाद तुटला. पत्र पेटीत पडते तेव्हा पलीकडे कोणी जागे असेलच असे नाही. म्हणून १९९८मध्ये किमान पातळी ठरली: काळे-पांढरे चित्र, ओळीला १७२८ ठिपके. बारीक प्रत त्यात बसते, म्हणजे अनुस्वार बहुधा वाचतो. पण पेन्सिलीची फिकट टीप उडते, आणि संपादकाची लाल शाई लेखकाच्या काळ्या शाईत मिसळते. मुद्रितशोधन करणाऱ्यांना यातली अडचण सांगायला नको.

यावर पुढे दोन उपाय आले. पोचपावतीतच घेणाऱ्याने आपली कुवत कळवावी, हा १९९९चा. २००२चा मला अधिक आवडतो. पाठवणाऱ्याने साधी प्रत धाडावी आणि सोबत सांगावे की माझ्याकडे याहून चांगली आहे; घेणाऱ्याने आपल्याला काय झेपते ते कळवले, की ती पाठवावी. बोलणी तीच, फक्त सावकाश. अर्थात पोच देणे घेणाऱ्याच्या मर्जीवर आहे. पोच देण्यातून आपल्याकडचे यंत्र कसले आहे हेही उघड होते, म्हणून कोणी गप्प राहिला तर त्याला दोष देता येत नाही. तो गप्प राहिला, तर साध्या प्रतीवरच भागवायचे.

आणखी एक अट यात आहे, आणि आपल्यासारख्या जुनी हस्तलिखिते स्कॅन करून पाठवणाऱ्यांसाठी मला तीच महत्त्वाची वाटते. ‘रंगीत प्रत चालेल, पाठवा’ असे उत्तर आठ दिवसांनी येईल. तोवर मूळ पान पाठवणाऱ्याकडे असले पाहिजे. काळी-पांढरी प्रत काढून झाली म्हणून कागद रद्दीत दिला असेल, तर त्या उत्तराला द्यायला काहीच उरत नाही.