टॅकोमीटरचा काटा का थांबतो?

ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीच्या पुराने ग्वाल्हेरशेजारील शिवपुरी, दतिया हे जिल्हे वेढले, तेव्हा अनेकांच्या सुटकेचा भरवसा मोटारबोटींवर होता. बोटीचे इंजिन मिनिटास किती फेरे घेते, हे टॅकोमीटर सांगतो. त्याचा काटा थांबला, की नई सडकेवर नवे मीटर शोधीत हिंडण्यापूर्वी थोडी परीक्षा करावी.

प्रथम मीटरपर्यंत बॅटरीची १२ व्होल्ट वीज पोहोचते की नाही ते पाहावे; गंजलेल्या जोडण्या साफ कराव्यात. वीज आहे, पण काटा निश्चल आणि बॅटरीही भारित होत नाही, तर दोष बहुधा रेक्टिफायरचा समजावा. इंजिन चालू असता बॅटरीची तार काढल्यास तो जळण्याचा संभव असतो.

काटा दुप्पट आकडा दाखवीत असेल, तर मीटरच्या पाठीवरील ध्रुवसंख्येची कळ तपासावी. १२ ध्रुवांच्या जनित्रास ६ ची खूण लावली, की ३,००० फेरे ६,००० दिसतात. चालक विनाकारण वेग आवरतो. उलट चूक झाल्यास इंजिन मर्यादेपलीकडे धावते.

ही परीक्षा पुराच्या लोंढ्यात नव्हे, तर पावसाळ्यापूर्वी, तिघऱ्याच्या शांत पाण्यावर उरकावी, हेच शहाणपणाचे.